आवाज आपला, कात्री कोणाची?

१९५५ साली बीबीसीसाठी फ्रान्सिस वॉटसन यांनी बाबासाहेबांची मुलाखत घेतली. विषय होता गांधीजी. त्या मुलाखतीचे आज मोबाइलवर काय झाले आहे ते आपण सगळे पाहतो. तीस सेकंदांचा एक तुकडा, त्यातून प्रश्न कापलेला, मागे ढोलाचा ठेका चढवलेला आणि शेवटी कुठल्यातरी पेजचे नाव. बाबासाहेब बोलताना थांबतात, शब्द तोलतात, एक मुद्दा मांडून त्याला पुरावा जोडतात. ते सगळे त्या तुकड्यात नसते. विरोधक हा तुकडा 'बघा, हे असे बोलत' म्हणून पाठवतात आणि आपले लोक 'बघा, साहेबांनी कसे सुनावले' म्हणून पाठवतात. कात्री दोघांचीही सारखीच चालते. पूर्ण मुलाखत ऐकलेली माणसे मात्र मोजकीच भेटतात.

वस्त्यांमध्ये काम करताना हल्ली तरुण मुले-मुली आम्हाला एकच प्रश्न विचारतात: पॉडकास्ट काढायचा आहे, भीमगीत रेकॉर्ड करायचे आहे, कोणते सॉफ्टवेअर शिकू? उत्तर एका शब्दाचे आहे. 'ऑडॅसिटी' शिका, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालते. पण एवढे सांगून आमचे समाधान होत नाही. आवाज कापण्याची आणि जोडण्याची कला कुठून आली, ती शंभर वर्षे कोणाच्या हातात होती आणि आपल्या हातात ती इतक्या उशिरा का आली, हे समजल्याशिवाय ते सॉफ्टवेअर म्हणजे मोबाइलमधल्या फिल्टरसारखे एक खेळणे होऊन बसते. म्हणून हा लेख.

सुरुवात ग्रामोफोनपासून करू. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले. त्या तबकडीवर साधारण तीन मिनिटे मावत. तासन्‌तास चालणारी मैफल तीन मिनिटांत बसवायची आणि शेवटी आपले नाव सांगायचे, असा तो प्रकार होता. एकदा सुई चालली की चूक दुरुस्त करता येत नसे आणि कापताही येत नसे. आवडले नाही तर सगळे पुन्हा गायचे. म्हणजे त्या काळात यंत्राची मर्यादा हीच कात्री होती.

त्याच सुमारास दुसरे एक ध्वनिमुद्रण चालू होते, ते सरकारी होते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणासाठी १९१३ पासून १९२९ पर्यंत देशातल्या अनेक भाषांचे आणि बोलींचे नमुने ग्रामोफोनवर घेण्यात आले. त्यासाठी बोलणाऱ्यांना बहुतेक वेळा बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्या बोलीत सांगायला लावली जाई. हे नमुने आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात आणि भाषेच्या अभ्यासासाठी ते मोलाचे आहेत यात वाद नाही. पण एक समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून ते ऐकताना खटकते ते हेच, की बोलणारा आपला आहे, जीभ आपली आहे आणि मजकूर साहेबाचा आहे. तुझ्या गावात पाणी कुठून येते, तुला विहिरीवर चढू देतात का, असे त्या माणसाला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. त्याच्या उच्चाराची नोंद झाली, त्याच्या म्हणण्याची झाली नाही.

आणि आपल्याकडे तेव्हा म्हणणे होते, भरपूर होते. सत्यशोधकांचे जलसे होते. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. जलशात गण होता, बतावणी होती, सवाल-जवाब होते, समोरच्या गर्दीने दिलेली दाद होती. तीन मिनिटांच्या तबकडीत हा सगळा ऐवज मावणारा नव्हता आणि ज्याच्या घरात दिवा नाही त्याच्या घरात फोनो कुठून असणार? भीमराव कर्डकांनी नंतर 'आंबेडकरी जलसे' या विषयावर पुस्तक लिहिले, म्हणून आपल्याला त्या जलशांची घडण तरी कळते. कागद कळतो, पट्टी कळत नाही.

आता कापण्याची गोष्ट. खरी कात्री आली ती चुंबकीय टेपबरोबर. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' नावाचे यंत्र लोकांनी पाहिले. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या संयुगाचा थर आणि त्यावर आवाज. युद्ध संपल्यावर जॅक मलिन नावाच्या अमेरिकन सैन्यातल्या अभियंत्याने अशी दोन यंत्रे सुटी करून घरी पाठवली, जुळवली आणि १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ती चालवून दाखवली. गायक बिंग क्रॉस्बीला दर आठवड्याला रेडिओवर जिवंत कार्यक्रम करण्याचा कंटाळा आला होता. त्याने मलिनला कामावर घेतले आणि १९४७ पासून त्याचा कार्यक्रम टेपवर तयार होऊ लागला.

ही टेप कापायची कशी ते नीट समजून घ्या, कारण आजच्या सॉफ्टवेअरमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिथून आली आहे. स्टुडिओत टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने पळत असे. म्हणजे बोलणारा एक सेकंद थांबला तर ते थांबणे ३८ सेंटिमीटर लांबीच्या पट्टीवर पसरलेले असे. कामगार रिळे हाताने मागेपुढे फिरवून शब्दाची सुरुवात शोधी, तिथे मेणाच्या पेन्सिलने खूण करी, टेप धातूच्या खाचेत बसवी आणि दाढीच्या ब्लेडने तिरपी कापी. तिरपी अशासाठी, की सरळ कापलेल्या जोडावर 'टक्‌' असा आवाज येतो. तिरप्या जोडावर एक आवाज हळूच मावळतो आणि दुसरा हळूच उगवतो. मग मागून चिकटपट्टी. आज सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिप एकमेकींवर सरकवून 'क्रॉसफेड' देतात, तो याच तिरप्या कापाचा वारस आहे. कट, कॉपी, पेस्ट हे शब्दही कागद आणि टेप यांच्या कामगारांचेच आहेत.

मलिनने सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. क्रॉस्बीच्या कार्यक्रमात बॉब बर्न्स नावाच्या विनोदवीराने काही चावट गोष्टी सांगितल्या. लोक पोट धरून हसले. गोष्टी प्रक्षेपित करता येण्यासारख्या नव्हत्या, म्हणून त्या कापल्या. पण हसणे जपून ठेवले. काही आठवड्यांनी एक कार्यक्रम पडला, कोणी हसेना, तेव्हा ते जुने हसणे तिथे जोडले. रेडिओवरच्या उसन्या हशाची सुरुवात इथून सांगितली जाते. आम्हाला हा किस्सा गमतीचा वाटत नाही. जे घडले ते नाहीसे करणे आणि जे घडले नाही ते घडल्यासारखे ऐकवणे, ही दोन्ही कामे कात्रीने पहिल्याच एक-दोन वर्षांत करून दाखवली होती. आज कोणाच्या सभेत किती टाळ्या पडल्या हे टीव्हीवर ऐकताना हे ध्यानात ठेवा.

ब्लेड धरणाऱ्या हातांचेही नाव कोणी घेत नसे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कामगारवर्गीय घरातली डेलिया डर्बिशर ही गणित आणि संगीत शिकलेली मुलगी. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने तिला 'आम्ही स्टुडिओत बायका घेत नाही' असे सांगून परत पाठवले. पुढे तिने बीबीसीच्या कार्यशाळेत १९६३ साली 'डॉक्टर हू' या मालिकेचे शीर्षकसंगीत टेपचे तुकडे एकेक मोजून, कापून, जोडून तयार केले. चाल लिहिणारा रॉन ग्रेनर स्वतः म्हणाला की श्रेय अर्धे तिला द्या. संस्थेचे धोरण आडवे आले. पडद्यावर तिचे नाव लागायला २०१३ साल उजाडले, तोपर्यंत तिला जाऊन बारा वर्षे झाली होती. आपल्याकडे किती भीमगीतांवर गायकाचे नाव मोठे, कवीचे बारीक आणि ढोलकीवाल्याचे अजिबात नाही हे आठवून पाहा. याबाबत आपण इतरांना बोल लावण्याआधी आपली कव्हरे तपासली पाहिजेत.

आपल्या लोकांच्या हातात रेकॉर्डिंग आले ते कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली आणली, आपल्याकडे तिचा सुळसुळाट ऐंशीच्या दशकात झाला. तोवर तबकड्यांचा धंदा जवळजवळ एका कंपनीच्या मुठीत होता. कॅसेटने ती मूठ उघडली. हा बदल पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात तपशिलाने मांडला आहे. आपल्याला तो पुस्तकाशिवायही ठाऊक आहे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी कॅसेटचे स्टॉल उभे राहिले. वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदेंचा आवाज, पुढे त्यांच्या मुलांचे आवाज कॅसेटवरून घराघरांत गेले. ज्याला वाचता येत नव्हते त्यानेही बाबासाहेबांचे चरित्र पाठ केले, ते या गाण्यांतून. आम्ही ज्या पिढीतले आहोत त्या पिढीने 'महाड', 'काळाराम', 'पुणे करार' हे शब्द शाळेच्या पुस्तकाआधी टेपरेकॉर्डरवर ऐकले.

पण इथे एक बारीक गोष्ट निसटते आणि आमच्या मते ती फार महत्त्वाची आहे. कॅसेटने आपल्याला रेकॉर्ड करणे दिले, नक्कल काढणे दिले, विकणेही दिले. कापणे दिले नाही. कॅसेटची पट्टी चार मिलिमीटरहूनही अरुंद आणि तिचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. स्टुडिओच्या टेपवर ३८ सेंटिमीटरमध्ये पसरणारा एक सेकंद इथे दोन बोटांच्या रुंदीत कोंबलेला. त्यावर ब्लेड चालवून शब्द वेगळा करणे जवळपास अशक्य. फार तर 'पॉज' दाबून एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर तुकडे घ्यायचे. म्हणून संकलन स्टुडिओवाल्याकडेच राहिले. कोणते कडवे ठेवायचे, कोणते गाळायचे, शाहिराचे निवेदन ठेवायचे की थेट गाणे सुरू करायचे, हे तासाच्या भाड्यावर आणि कॅसेटच्या बाजूवर ठरे. जलशातली बतावणी इथेच गळाली असे आमचे मत आहे. गाणे विकले जात होते, बतावणी विकली जात नव्हती.

रेडिओचे तर बोलायलाच नको. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले, तरी खासगी एफएमला स्वतःची बातमी देता येत नाही. सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची दारे २००६ च्या धोरणाने उघडली. तेव्हा तेलंगणातल्या मेदक भागातल्या माचनूर गावच्या दलित बायकांकडे स्टुडिओ आधीच तयार होता. परवान्याची वाट पाहत त्या वर्षानुवर्षे रेकॉर्डिंग करत होत्या आणि टेप गावच्या संघमच्या बैठकांत वाजवत होत्या. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये 'संघम रेडिओ' हवेत गेला. तिथे माइक, यंत्रे आणि संकलन बायकांच्याच हातात. त्या विषय बोलतात शेतीचे, बियाण्यांचे, सणांचे, स्वतःच्या बोलीत. अमुक उच्चार शुद्ध आणि तमुक अशुद्ध असे तिथे कोणी शिकवायला येत नाही.

संगणकावर आवाज कापणे शक्य झाले तेही आधी पैसेवाल्यांना. 'प्रो टूल्स' १९९१ साली आले, चार ट्रॅकचे, किंमत साधारण सहा हजार डॉलर. नव्वदच्या दशकात 'कूल एडिट' आले, ते साध्या संगणकावर चाले. ते २००३ साली अडोबीने विकत घेतले आणि त्याचे 'ऑडिशन' झाले. १९९७ साली 'फ्रूटीलूप्स' आले, ज्याला आज 'एफएल स्टुडिओ' म्हणतात. हे शेवटचे नाव आपल्या वस्तीत कोणालाही विचारा, लगेच ओळखतील. जयंतीच्या मिरवणुकीतले डीजे मिक्स त्यावर तयार होतात. या मुलांना नावे ठेवण्याची सुशिक्षित आंबेडकरी माणसांना खोड आहे. आवाजाच्या भिंतींबद्दलची तक्रार खरी आहे, म्हाताऱ्यांना आणि लहान बाळांना त्याचा त्रास होतो. पण हेही पाहा की दहावी-बारावीत शिक्षण सुटलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलांनी कोणाचा क्लास न लावता ठेका मोजणे, आवाज वेगळा काढणे, पट्टी बदलणे हे सगळे शिकून घेतले. आपल्यातले पहिले संकलक तेच आहेत. पॉडकास्ट शिकायला पुण्या-मुंबईचा कोर्स शोधणाऱ्याने आधी आपल्या गल्लीतल्या डीजेवाल्या दादाशेजारी बसावे.

आणि आता ऑडॅसिटी. १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅननबर्ग हे प्राध्यापक यांनी ते लिहायला घेतले. २००० च्या मे महिन्यात ते लोकांसाठी खुले केले, जीपीएल परवान्याखाली. या परवान्याचा अर्थ असा की ते कोणीही वापरावे, त्याची आतली रचना वाचावी, बदलावी, बदललेले वाटावे. फक्त एक अट: पुढच्यालाही तेवढेच स्वातंत्र्य द्यायचे. चार वर्षांनी, २००४ च्या फेब्रुवारीत, बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'गार्डियन'मध्ये 'पॉडकास्टिंग' हा शब्द वापरला. प्रक्षेपणाला परवाना नको आणि संकलनाला पैसे नकोत, अशा दोन गोष्टी पाच वर्षांत एकत्र आल्या.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला. पुढे बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' काढला, 'जनता' काढली, भारत भूषण छापखाना उभा केला. छापखाना का? दुसऱ्याच्या छापखान्यात आपला मजकूर कधी छापायचा आणि कसा छापायचा हे दुसरा ठरवतो, म्हणून. खिळे जुळवणारा माणूस आपला हवा, म्हणून. आज खिळे जुळवण्याचे काम लॅपटॉपवर होते एवढाच फरक आहे. ज्यांना ही तुलना ओढूनताणून केलेली वाटते त्यांनी सांगावे की आपल्या चळवळीचे किती वक्ते आज दुसऱ्याच्या चॅनेलवर, दुसऱ्याने ठरवलेल्या शीर्षकाखाली आणि दुसऱ्याने कापलेल्या वाक्यांत बोलतात.

फुकट म्हणजे निर्धोक नव्हे, हेही ऑडॅसिटीच्याच इतिहासात आहे. एमपी३ या फाइलप्रकारावर पेटंट होते, म्हणून कित्येक वर्षे ऑडॅसिटीतून एमपी३ काढायला वेगळी 'लेम' नावाची फाइल शोधून बसवावी लागे. २०१७ साली पेटंट सरले आणि पुढे तो भाग आतच आला. २०२१ साली म्यूझ ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटी आपल्याकडे घेतले आणि माहिती गोळा करण्याविषयीच्या नव्या धोरणावरून जगभर गदारोळ झाला. काही लोकांनी मूळ रचना घेऊन 'टेनॅसिटी' हे वेगळे सॉफ्टवेअर सुरू केले, कंपनीलाही धोरणाची भाषा बदलावी लागली. हे करता आले ते रचना उघडी होती म्हणून. बंद सॉफ्टवेअरमध्ये आपण फक्त रागावू शकतो.

तर शिकायचे कसे? बटणांची यादी आम्ही देणार नाही, ती सगळीकडे मिळते. जे आमच्या गटात मुलामुलींना सांगतो तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट, मूळ फाइलला हात लावायचा नाही. रेकॉर्डिंग झाले की वेव्ह फाइलची एक प्रत बाजूला ठेवायची, शक्य तर दोन ठिकाणी, आणि काम दुसऱ्या प्रतीवर करायचे. ४४,१०० नमुने आणि १६ बिट या मोजमापाने एका माइकच्या तासभराच्या रेकॉर्डिंगला सुमारे ३१८ एमबी जागा लागते, काही फार नाही. त्याचीच पॉडकास्टसाठी ६४ केबीपीएसची एमपी३ काढली तर २९ एमबी होते. वाटायला ती, जपायला वेव्ह. व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेजमध्ये आवाज पिळून निघतो आणि पिळलेला परत फुगवता येत नाही. ऑडॅसिटीत चुकीचे पाऊल मागे घेता येते, पण प्रकल्प बंद केला की मागे घेण्याची ती यादी जाते, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट शांततेची. मुलाखत सुरू करण्याआधी अर्धा मिनिट कोणी बोलायचे नाही, नुसती खोली रेकॉर्ड करायची. पंखा, रस्ता, शेजारचा कुकर. 'नॉइज रिडक्शन'ला हाच नमुना द्यायचा असतो आणि शब्द कापल्यावर मधली फट भरायलाही हीच शांतता लागते. कोरी शांतता भरली तर कानाला भोक पडल्यासारखे वाटते. मात्र सफाई थोडी-थोडी करा. एकदम जास्त केली तर माणूस बादलीतून बोलल्यासारखा येतो. आणि शाहिरीच्या रेकॉर्डिंगमध्ये नमुना घेताना मागे तुणतुणे वाजत नाही ना ते पाहा, नाहीतर यंत्र त्या अखंड सुरालाच कचरा समजून झाडू मारेल.

तिसरी गोष्ट, जिच्यावर आमचा सर्वात जास्त वाद होतो. ऑडॅसिटीत एक सोय आहे, 'ट्रंकेट सायलेन्स'. बोलण्यातल्या सगळ्या फटी ती एका झटक्यात आखडते. कार्यक्रम चटपटीत होतो, नव्या मुलांना ती फार आवडते. आम्ही नामांतर लढ्यातल्या माणसांच्या मुलाखती घेतो. १९७८ च्या जाळपोळीत घर गमावलेली एक आजी बोलत होती. घरातून काय बाहेर काढता आले, असे विचारल्यावर ती थांबली. बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "पोरं." त्या थांबण्याची लांबी यंत्राला फक्त रिकामी जागा दिसते. समाजशास्त्राच्या वर्गात मुलाखतीचे मौनही नोंदवायला शिकवतात, ते कंसात 'शांतता' असे लिहून. आवाजात ते लिहावे लागत नाही, फक्त न कापता ठेवावे लागते. खोकला कापा, तेच वाक्य तीनदा आले तर दोनदा कापा, आजीच्या नातवाने मध्येच दार वाजवले ते कापा. हे मौन कापण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि ते आजीला विचारून ठरले पाहिजे, लॅपटॉपवाल्याला सोयीचे म्हणून नव्हे.

गाण्याच्या बाबतीत हाच प्रश्न 'ऑटो-ट्यून'च्या रूपाने येतो. अँडी हिल्डब्रँड हा माणूस तेलाच्या साठ्यांचा शोध घेण्यासाठी जमिनीतून येणाऱ्या लहरींचे गणित करत असे. तेच गणित त्याने आवाजाला लावले आणि १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आले. ते गळ्यातून निघालेला सूर ओढून पियानोच्या जवळच्या पट्टीवर नेऊन बसवते. नाचायच्या गाण्यात खुशाल वापरा. पण शाहीर वरच्या पट्टीत जाऊन शब्द फोडतो, सुराच्या कडेला मुद्दाम उभा राहतो. ती चूक नसते, ती शाहिरी असते. ती 'दुरुस्त' करणे म्हणजे आमच्या बोलीचे उच्चार शुद्ध करायला निघालेल्या मास्तरांचेच काम यंत्राकडून करून घेणे होय.

नावांचे आधीच बोललो. ऑडॅसिटीतून फाइल बाहेर काढताना माहितीच्या चौकटी येतात. बहुतेक जण त्या रिकाम्या ठेवून पुढे जातात. तिथे गायक, कवी, वादक, गाव, तारीख आणि रेकॉर्ड करणाऱ्याचे नाव भरा, फाइलसोबत एका साध्या कागदावरही लिहा. जात्यावरच्या ओव्यांचे काम यासाठी पाहण्यासारखे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येकींचे ध्वनिमुद्रण केले, आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत, गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि समाज यांसह. काम करणारी मंडळी बाहेरची होती म्हणून नाक मुरडणारे आमच्यातही आहेत. त्यांना आमचे एकच सांगणे आहे, की मग ते काम आपण का केले नाही याचे उत्तर शोधा.

आता घाई कशाची ते सांगतो. २०१६ मध्ये अडोबीने एका कार्यक्रमात 'व्होको' नावाचा प्रयोग दाखवला. माणसाच्या आवाजाचा नमुना घेतला आणि त्याने कधीच न उच्चारलेले शब्द टाइप करून त्याच्याच आवाजात ऐकवले. ते सॉफ्टवेअर बाजारात आले नाही. पण तशी साधने आज कोणाच्याही फोनवर आहेत. म्हणजे उद्या बाबासाहेबांच्या आवाजात कोणीही काहीही म्हणवून घेऊ शकतो, आणि ते खोटे आहे हे सिद्ध करायला मूळ, अखंड, तारीखवार ध्वनिमुद्रणे हाताशी असावी लागतील. आपण स्वतःच तीस सेकंदांचे तुकडे फिरवत राहिलो तर खोट्या तुकड्याला वेगळे काढणार कसे?

दुसरी घाई माणसांची. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला आईबापाच्या बोटाला धरून गेलेली मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. नामांतराच्या लाँग मार्चमध्ये चालून गेलेले तरुण सत्तरीत पोचले. यांतले किती जण गेल्या दोन-तीन वर्षांत गेले याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या विहारापुरता करावा.

आणि तिसरी घाई कॅसेटची. आपल्या घरांत माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, पिशवीत कॅसेट पडून आहेत. सगळ्या विकतच्या नाहीत. कुठे गावच्या जयंतीत गायलेल्या शाहिराचा कार्यक्रम आहे, कुठे भाषण, कुठे लग्नात म्हटलेले त्रिशरण. त्या फेकू नका आणि कुठल्याही जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये लगेच घालूही नका. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळी ठेवा. चांगला डेक मिळवा, त्याचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. डेकच्या 'लाइन आउट'मधून केबल लॅपटॉपच्या 'लाइन इन'ला, नसेल तर यूएसबीच्या छोट्या डबीमार्फत. ऑडॅसिटीत आवाजाची पट्टी लाल होणार नाही एवढी ठेवून रेकॉर्ड दाबा. फाइलला कॅसेटवर पेनाने जे लिहिले असेल तेच नाव द्या, अक्षराचा फोटोही काढून ठेवा. यात घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात आणि तेवढा वेळ कोणीतरी हेडफोन लावून शेजारी बसावे लागते.